न्यूडिस्ट क्लबात नवीन आहात? पहिल्या फोनपासून स्वतःचं काम मिळेपर्यंत

न्यूडिस्ट क्लबाला, म्हणजे जिथे सभासद एकत्र विवस्त्र वावरतात अशा ठिकाणी दिलेली माझी पहिली भेट फसली. तसं पाहिलं तर सगळं नियमानं झालं होतं. दारावर नाव विचारलं, ओळखपत्र बघितलं, कपडे ठेवायचं कपाट दाखवलं आणि दाखवणारा माणूस आपल्या कामाला निघून गेला. मी टॉवेल घेऊन हिरवळीवर आलो आणि पुढचा दीड तास एका झाडाखाली बसून काढला. कुणी वावगं वागलं नाही, कुणी टक लावून बघितलं नाही, पण कुणी बोललंही नाही. सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते. त्यांच्या गप्पा ठरलेल्या, खेळातले भिडू ठरलेले, बसायच्या जागाही ठरलेल्या. घरी जाताना मनाशी म्हटलं, हे आपल्याला जमायचं नाही. त्या क्लबात मी परत पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या क्लबात जायला मला दोन वर्षं लागली. तिथे दारातच साठी उलटलेल्या एक बाई उभ्या होत्या. डोक्यावर टोपी, पायात चपला, बाकी काही नाही. "कपड्यांची घाई करू नका," त्या म्हणाल्या, "आधी चला, तुम्हाला सगळं दाखवते." फिरता फिरता वाटेत एक लाकडी टेबल लागलं, ते सावलीत न्यायचं होतं. "त्या बाजूनं जरा धरता?" मी धरलं. टेबलामागून बाकं आली, बाकांमागून त्यांच्या यजमानांशी ओळख झाली. अर्ध्या तासानं घामाघूम होऊन मी शर्ट काढला, मग उरलेलं काढलं, तेव्हा आपल्याकडे कुणी बघतंय का हे बघायचं मला सुचलंही नाही.

पुढे त्याच क्लबात मी बरीच वर्षं नवख्यांना दार उघडून दिलं. कपडे नसण्याची भीड बहुतेकांची पाऊण तासात चेपते. माणसांची भीड मात्र हाताला काहीतरी काम मिळेपर्यंत चेपत नाही. म्हणून हा लेख टॉवेल आणि नियमांपाशी थांबणार नाही, श्रमदानापर्यंत जाणार आहे.

आधी क्लब कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

नावांनी गोंधळू नका. न्यूडिस्ट, नॅचरिस्ट, जर्मन भाषेतलं 'फ्रायकोर्परकुल्टूर' (शब्दशः 'मुक्त शरीर-संस्कृती') म्हणजे एफकेके, ही सगळी एकाच घराण्यातली नावं. कुणी एका शब्दावर अडून बसतं, कुणी दुसऱ्यावर. आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट महासंघाची स्थापना १९५३ मध्ये फ्रान्समधल्या मोंतालिव्हे इथे झाली. १९७४ मध्ये या महासंघानं जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात एकत्रित नग्नतेबरोबर तीन गोष्टींचा आदर सांगितला आहे: स्वतःचा, दुसऱ्याचा आणि निसर्गाचा. क्लबाच्या भिंतीवर लावलेले बहुतेक नियम या तीन आदरांतूनच निघालेले असतात, त्यामुळे एवढं लक्षात ठेवलंत तर नियमावली पाठ करायची गरज पडत नाही.

नावापेक्षा मालकी महत्त्वाची. काही क्लबांची स्वतःची जमीन असते: हिरवळ, झाडं, तंबूंची जागा, जमलं तर तलाव. काहींकडे जमीन नसते. ते एखादा पोहण्याचा तलाव ठरावीक तासांसाठी भाड्यानं घेतात किंवा सहली काढतात. तिसरा प्रकार म्हणजे सुट्टीची केंद्रं. मोंतालिव्हेचंच केंद्र अल्बेर आणि क्रिस्तीन लकोक या दांपत्यानं १९५० मध्ये सुरू केलं आणि पुढे अशी अनेक उभी राहिली. सुट्टीच्या केंद्रात तुम्ही पैसे देणारे पाहुणे असता, तिथे तुमच्याकडून कामाची अपेक्षा नसते. सभासदांनी चालवलेल्या क्लबात मात्र गवत कापणारा, हिशोब ठेवणारा आणि न्हाणीघर धुणारा सभासदच असतो. तुम्हाला माणसं हवी असतील तर असा क्लब शोधा. केवळ ऊन आणि शांतता हवी असेल तर केंद्रात जा, त्यातही काही गैर नाही.

आणखी एक फरक आधीच विचारून घ्या. काही ठिकाणी कपडे ऐच्छिक असतात, काही ठिकाणी हवा बरी असताना सगळ्यांनी विवस्त्र असावं असा नियम असतो, आणि तलावात तर पोहण्याचे कपडेही चालत नाहीत असे क्लब पुष्कळ आहेत. संकोची माणसानं पहिल्यांदा ऐच्छिक ठिकाणी जावं. उघड्यावरच्या नग्नतेबद्दलचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, तेव्हा क्लबाच्या कुंपणाबाहेर काय चालतं हेही विचारा.

पहिला फोन किंवा पहिलं पत्र

पत्र लिहिताना खरं नाव द्या, एकटे येणार की जोडीनं ते सांगा, आणि यापूर्वी कधी गेला नसाल तर तसं स्पष्ट लिहा. पहिलीच वेळ आहे म्हटलं की चांगला क्लब सोबतीला कुणालातरी नेमतो. अनुभवी असल्याचं सोंग आणलंत तर ती सोबत हातची जाते.

क्लब तुम्हाला प्रश्न विचारेल, प्रत्यक्ष भेटून बोलायला सांगेल, ओळखपत्र मागेल. याचा राग मानू नका. जी तपासणी तुम्हाला जाचक वाटते तिच्याच भरवशावर आतली माणसं निर्धास्त असतात. एकट्या पुरुषांना हा जाच अधिक होतो हे खरं आहे. अनेक क्लबांनी स्त्री-पुरुषांचं प्रमाण राखण्यासाठी एकट्या पुरुषांवर मर्यादा ठेवल्या आणि काहींनी त्या पुढे सैल केल्या. सरसकट बंदी मला पटत नाही. माणूस पारखायचा तो त्याच्या वागण्यावरून. पण दारात वाद घालून कुणाचं मत बदलत नाही. दोन-तीन वेळा आलात, नीट वागलात, की दार आपोआप रुंद होतं.

जोडीदाराला ओढून आणू नका. त्याची किंवा तिची इच्छा नसेल तर आधी दोघांनी कपड्यांनिशी फक्त जागा बघून या. असं बघायला पुष्कळ क्लब परवानगी देतात.

आता तुम्ही काय तपासायचं ते. क्लब राष्ट्रीय महासंघाला जोडलेला आहे का? लेखी नियम आहेत का? छायाचित्रांबद्दल आणि मुलांच्या सुरक्षिततेबद्दल त्यात स्पष्ट लिहिलं आहे का? तक्रार असेल तर ती कुणाकडे न्यायची? आणि जो कुणी भेटीआधी तुमच्याकडे उघड्या अंगाचे फोटो मागेल, त्याच्याशी तिथल्या तिथे संबंध तोडा. कुठल्याही सरळ क्लबाला असे फोटो लागत नाहीत.

पिशवीत काय न्यावं

दोन टॉवेल: एक बसायला, एक अंग पुसायला. ही अदलाबदल होऊ देऊ नका. बसायचा टॉवेल सतत बरोबर असतो, खुर्ची असो, बाक असो वा दुसऱ्याच्या तंबूतली सतरंजी, आधी टॉवेल आणि मग आपण. याचं कारण निव्वळ स्वच्छता आहे, आणि सगळ्या जगभर हा नियम सारखाच आहे.

टोपी, चपला, पिण्याचं पाणी. संध्याकाळसाठी एखादा सैल झगा किंवा लुंगी, कारण थंडी वाजली तर कपडे घालायचे असतात. कुडकुडत बसणं ही काही निष्ठेची खूण नव्हे. आणि सनस्क्रीन, किमान एसपीएफ ३० चं. जे अवयव जन्मात उन्हात आलेले नाहीत ते सर्वांत आधी भाजतात: नितंब, छाती, मांड्यांचा वरचा भाग. दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावा. पाठीला कुणाकडून लावून घ्यायचं असेल तर आपल्याबरोबर आलेल्या माणसाकडून घ्या. पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाला ते सांगू नका, आणि कुणी आपणहून पुढे आलं तर नको म्हणायला कचरू नका. फोन पिशवीत, पिशवी कपाटात.

पहिला तास

इथेच नवखा टिकतो किंवा जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कपडे कधी काढायचे? सगळ्यांत अवघड जातं ते अर्धवट अवस्थेत रेंगाळणं. नवखा शर्ट काढतो, थांबतो, इकडे तिकडे बघतो, पँटच्या बटणाशी चाळा करतो, आणि प्रत्येक मिनिटाला त्याची धास्ती वाढत जाते. मी सांगतो, आधी कपड्यांनिशीच एक फेरी मारा. न्हाणीघर कुठे, पाणी कुठे, तुमची बसायची जागा कोणती ते बघा. मग कपाटापाशी जा आणि आंघोळीला जाताना काढता तसे एका दमात काढा. तिथून सरळ न्हाणीघरात जाऊन अंग ओलं करा. नाहीतरी तलावात उतरण्याआधी ते करायचंच असतं. ओल्या अंगानं बाहेर आलेला माणूस स्वतःच्याच नजरेत आंघोळ करून आलेला असतो, आणि निम्मा संकोच तिथेच ओसरतो.

बघायचं कुठे? जिथे एरवी बघता तिथे, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे. नजर गेली तर गेली, माणसाची नजर फिरतेच. ती रोखून धरली की समोरच्याला त्रास होतो. मुद्दाम आकाशाकडे बघत बोलणारे नवखे मी पाहिले आहेत. त्यांनी एवढं अवघडून घ्यायची गरज नसते.

पहिल्या अर्ध्या तासात तुम्हाला दिसतील ती शस्त्रक्रियांचे व्रण असलेली, सुटलेली, सुरकुतलेली, एका बाजूला कललेली शरीरं. जाहिरातीतलं एकही अंग तिथे नसतं. माझ्या पोटावर अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा लांब व्रण आहे, आणि सुरुवातीला तो झाकायला मी टॉवेल कमरेच्या वर धरून चालत होतो. तिथे भेटलेल्या एका गृहस्थांच्या छातीवर गळ्यापासून खालपर्यंत हृदयाच्या शस्त्रक्रियेची रेघ होती. माझा टॉवेल आपोआप खाली आला. पुढे वाचनात आलं की मानसशास्त्रज्ञ कीऑन वेस्ट यांनी ८४९ ब्रिटिश लोकांची पाहणी करून २०१७ मध्ये लिहिलं होतं: नॅचरिस्ट उपक्रमांत ज्यांचा सहभाग जास्त, त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान जास्त, आणि त्यामागे स्वतःच्या शरीराबद्दलचं बरं मत आणि आत्मसन्मान असल्याचं दिसलं. पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण तो टॉवेल खाली आल्याचं मला लख्ख आठवतं.

पुरुष सगळ्यांत जास्त घाबरतात ते लिंग ताठरण्याला. असं क्वचितच होतं, भीतीनं तर उलटच होतं. झालंच तर पालथे झोपा, मांडीवर टॉवेल घ्या किंवा पाण्यात उतरा. माफी मागत बसू नका आणि त्याचं प्रदर्शनही करू नका. बायकांना पाळीची चिंता असते. टॅम्पॉन किंवा कप वापरून नेहमीसारखं वावरता येतं, आणि चड्डी घालून राहिलात तरी जाणत्या क्लबात कुणी का म्हणून विचारत नाही. तलावाचे नियम तेवढे आधी विचारा.

बोलायचं काय? पहिलं नाव पुरे. आडनाव, नोकरी, पत्ता समोरच्यानं सांगितल्याशिवाय विचारू नका. इथे येत असल्याचं अनेकांनी घरी किंवा कचेरीत सांगितलेलं नसतं. क्लबात भेटलेला माणूस बाहेर भेटला तर त्यानं ओळख दाखवेपर्यंत थांबा. शरीरावर शेरा मारू नका, कौतुकाचासुद्धा नाही. "किती छान रंग आला आहे तुम्हाला" हे वाक्य एरवी निरुपद्रवी असेल, इथे ते अंगावर येतं. आणि कामुक चाळे, लगट, आडवळणाचं बोलणं कुठेच खपवून घेतलं जात नाही. तसं कुणी तुमच्याशी वागलं तर त्याच दिवशी सांगा. "मी नवा आहे, मी कसं बोलू" असं म्हणून गप्प राहू नका, क्लबाला ते कळायलाच हवं असतं.

तिसऱ्या भेटीआधी हातात काहीतरी घ्या

दोन भेटी पाहुणा म्हणून झाल्या की बहुतेकजण अडतात. भीड गेलेली असते, पण आपण कुणाचेच नसतो. यावर एकच उपाय माझ्या पाहण्यात आला आहे: काम मागून घ्या.

जमीन असलेल्या क्लबांत कामाचे दिवस असतात. हंगामाच्या सुरुवातीला पानं गोळा करायची, कुंपण रंगवायचं, तलाव घासायचा. जर्मनीतल्या अनेक संस्थांत वर्षाला ठरावीक तास काम करणं सभासदावर बंधनकारक असतं आणि ते न केल्यास त्याबदली पैसे भरावे लागतात. नवख्यानं पहिल्यांदा अशाच दिवशी यावं असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी निम्मे लोक कामाच्या सोयीसाठी चड्डी आणि बूट घालून असतात, कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो, आणि दाताळं हातात घेऊन पानं ओढणाऱ्याला संभाषण सुरू करावं लागत नाही, ते होत जातं. "ही पानं कुठे टाकू?" एवढ्यानं काम भागतं.

मोठी जबाबदारी घेऊ नका. चहाची भांडी विसळणं, खुर्च्या मोजून आत ठेवणं, दारावरच्या वहीत नावं लिहिणं, अशी दहा मिनिटांची, दिसणारी आणि दर खेपेला करता येणारी कामं धरा. वहीचं काम तर नवख्याला फार सोयीचं, कारण दोन आठवड्यांत सगळ्यांची नावं पाठ होतात. शारीरिक काम झेपत नसेल तर बातमीपत्र, हिशोब, फोनला उत्तर देणं हेही कामच आहे.

खेळही हेच करतो. ब्रिटनमधल्या नॅचरिस्टांनी १९३० च्या दशकात मिनिटेन नावाचा खेळ काढला. त्याचं कोर्ट टेनिसपेक्षा लहान, आणि रॅकेटऐवजी हातावर चढवायची पेटीसारखी लाकडी बॅट, जिला थग म्हणतात. हा खेळ बाहेर कुणालाच येत नसल्यामुळे प्रत्येक नवखा शून्यापासून शिकतो आणि त्याला शिकवायला कुणीतरी जुना सभासद लागतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या व्हाइट थॉर्न लॉजवर १९७१ पासून व्हॉलीबॉलची मोठी स्पर्धा भरत आली आहे. तुम्हाला खेळता येत नसेल तर गुण लिहायला बसा. गुण लिहिणाऱ्याशी दोन्ही बाजू बोलतात.

एकाच माणसाच्या खांद्यावर चाललेला क्लब किती तकलादू असतो त्याचं उदाहरण फार जुनं आहे. माहीत असलेला सर्वांत पहिला न्यूडिस्ट क्लब १८९१ मध्ये मुंबई इलाख्यात निघाला: चार्ल्स क्रॉफर्ड या जिल्हा न्यायाधीशाची 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट'. सभासद तीन. क्रॉफर्ड यांची बदली रत्नागिरीला झाली आणि संस्था विरली, १८९४ मध्ये ते वारले. तिघांतला एक हलला की संपलं. आजच्या छोट्या क्लबांत वीस-पंचवीस नावं वहीत असतात, पण कामाला येणारे मोजले तर आकडा पुष्कळदा तिघा-चौघांवर येतो. तुम्ही पाचवे झालात तर त्यांना केवढा हातभार लागतो, हे त्यांच्या तोंडावर दिसतं.

सभासद होताना

बहुतेक ठिकाणी दोन-तीन भेटींनंतर अर्ज घेतात, मग काही महिन्यांचा उमेदवारीचा काळ असतो. वर्गणीत काय येतं आणि काय येत नाही (तंबूची जागा, पाहुणे आणण्याची मुभा, महासंघाचं कार्ड) ते लेखी घ्या. महासंघाचं कार्ड मिळालं की परदेशातल्या जोडलेल्या क्लबांतही ते दाखवता येतं. वार्षिक सभेला जा, पहिल्या वर्षी नुसतं ऐका. जुनी भांडणं कुठली आहेत ते तिथेच कळतं, आणि नकळत एका बाजूला जाऊन बसण्याची चूक टळते.

दार उघडायची पाळी तुमची आली की

वर्षभरात कुणीतरी विचारेल: पुढच्या रविवारी दोघं नवे येणार आहेत, तुम्ही बघाल का? हो म्हणा. वीस वर्षांच्या सभासदाला आपली धास्ती आठवत नाही, तुम्हाला आठवते, म्हणून तुम्हीच योग्य आहात.

पंधरा मिनिटं आधी दारात या. नवख्यांच्या पहिल्या भेटीला मी स्वतः लुंगी गुंडाळून उभा राहतो आणि आत गेल्यावर सोडतो. मला दारात भेटलेल्या त्या बाई विवस्त्रच उभ्या असत, आणि त्यांना ते शोभत असे. प्रत्येकानं आपल्या स्वभावाप्रमाणे करावं. जोडपं असेल तर जमल्यास एक बाई आणि एक पुरुष असे दोघं थांबा, कारण पाळीचा प्रश्न नवखी बाई मला विचारणार नाही. नावं आदल्या दिवशी पाठ करा. जास्तीचे दोन टॉवेल कपाटात ठेवा, नवखे हमखास एकच आणतात.

फेरी मारताना नियम सांगा, पण एका वेळी एकच, त्या त्या जागी: खुर्चीपाशी टॉवेलचा, तलावापाशी आंघोळीचा, कपाटापाशी फोनचा. मग त्यांना तीन माणसांशी गाठ घालून द्या, तीनच. वीस नावं सांगितलीत तर एकही राहत नाही. त्या तिघांना आधी कल्पना देऊन ठेवा. त्यातला एक जण तरी नव्यांच्या वयाचा असू द्या. त्यानंतर बाजूला व्हा, पण दिसत राहा. पाठीमागे लागलेला यजमानही नकोसा होतो.

नवखा एकटा झाडाखाली बसलेला दिसला तर "कसं वाटतंय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "छान" एवढंच येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. एखादं टेबल शोधा, ज्याचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं आहे.

आणि दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा निरोप पाठवा: तुम्ही आलात, बरं वाटलं, पुढचा कामाचा दिवस अमुक तारखेला आहे. पहिल्या क्लबाकडून असा निरोप आला असता तर मी परत गेलो असतो.